गाडीचा पंखा गप्प झाला

मंडळी, आज बाबांची जुनी गाडी दुरुस्त केली आणि दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

इंजिन बंद केल्यावरही तिचा पंखा कितीतरी वेळ घरघरत राहायचा. मेकॅनिकने मीटर लावून पाहिलं, तर तापमानाचा सेन्सर खराब. त्याने नवा बसवला.

येताना मिरकरवाड्याच्या बंदरावरून बांगडे घेतले. दारात गाडी बंद केली, तसा पंखाही थांबला.

बाबा मासळी घेऊन आले की ती घरघर ऐकून आई विळी घेऊन पडवीत यायची. गेल्या वर्षी बाबा गेले, तरी आवाज ऐकून ती यायचीच.

आज आली नाही. आत जाऊन सेन्सरचं सांगितलं. म्हणाली, "तेवढा एक त्यांचा आवाज उरला होता रे घरात."

जुना सेन्सर खिशात आहे. तोच परत बसवा म्हटलं, तर मेकॅनिक हसेल का हो?