वर पाहणारी पिल्लं

पहिलं अंडं फुटलं तेव्हा भर दुपार होती आणि वीज गेलेली होती. मागच्या खोलीत मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच होतो. डब्यात ओलसर कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, तेरा अंडी होती. एकेका अंड्याला चीर पडत गेली आणि त्यातून बोटाच्या पेरापेक्षाही लहान डोकी बाहेर आली. सापाचं पिल्लू लगेच बाहेर पडत नाही. डोकं काढून दिवसभर नुसतं बसतं. मी वाकून पाहत होते, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "सूनबाई, ही वर का पाहताहेत?"

चार पिल्लांनी मान मागे टाकली होती. इतकी मागे, की हनुवटी छताकडे झाली होती. चौघंही एकाच जागी पाहताहेत असं वाटलं. मीही वर पाहिलं. छताला बंद पंखा होता, दुसरं काहीच नव्हतं.

मी चिखलीच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नवरा नोकरीनिमित्त नागपुरात, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी आणि मामाजी. कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप, आपल्याकडच्या तस्कर सापाचा लांबचा भाऊबंद म्हणावा असा. मूळ रंग विटकरी-तपकिरी. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पाळल्यामुळे त्यात नाना रंग निघाले आहेत. मुलांना अनुवंश फळ्यावर शिकवून कंटाळले होते, म्हणून त्याची एक जोडी आणली. वडनेर भोलजीच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडून. गावात कुणाच्या घरी साप निघाला की हाच माणूस पकडून रानात सोडायचा, आणि हौसेनं हे परदेशी सापही पाळायचा. जोडीचा रंग पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा होता. वनखात्याकडे रीतसर नोंद केली आणि पेट्या मागच्या खोलीत लावल्या. आयुष्यभर भिक्षुकी केलेल्या मामाजींनी महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नंतर काय झालं कोण जाणे, पोथी घेऊन तिथेच बसायला लागले.

पिल्लं बाहेर आली ती सगळीच संत्र्याच्या रंगाची, देखणी. नऊ सरळ चालत होती. उरलेली चार पुढे निघाली की मान वर जायची, मग अंग पीळ खायचं आणि ती पाठीवर पडायची. पांढरं पोट वर, आणि तोंड तसंच आढ्याकडे. हात लावला की जास्तच. शांत पडून असली तर मात्र काही फरक कळायचा नाही.

माझं पहिलं अनुमान उन्हाचं. आमच्याकडचा मे महिना, त्यात वीज जायची. अंडी तापली असतील. पुढच्या वर्षी इन्व्हर्टर घेतला, थर्मामीटर लावला, तापमान एक अंशानंही हलू दिलं नाही. त्याच जोडीची बारा अंडी फुटली. तिघांनी मान मागे टाकली.

त्या दिवसांत मला एक खोड लागली होती. खोलीत शिरलं की मी आधी छत पाहायची. एकदा वर्गात शिकवताना वीज गेली, पंखे थांबले आणि सगळ्या मुलांनी एकदम वर पाहिलं. माझ्या हातातला खडू खाली पडला. मुलांना वाटलं, चक्कर आली. मी वाटू दिलं.

एका संध्याकाळी मामाजींनी विचारलं, "या दोघांचं गोत्र पाहिलं होतंस का?"

मला हसू आलं. "सापांना कसलं गोत्र, मामाजी?"

"लग्न जुळवायला आलेल्यांना मी पहिला प्रश्न तोच विचारत आलो. एका घरातलं एका घरात दिलं, की दोन्हीकडे झाकलेलं एका ताटात येतं."

माझं हसू तिथेच थांबलं. हे मी दरवर्षी शिकवत होते. निरोगी आईबापांत एकेक लपलेलं जनुक असेल, तर चारातल्या एका पिल्लात ते उघड होतं. तेरात चार, बारात तीन. मी वडनेरला फोन लावला.

"नर-मादी एकाच आईची आहेत का हो?"

तो म्हणाला, "एकाच घरची होये, मॅडम. काऊन?"

मी पिल्लांचं सांगितलं. त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला. त्याला नवल कसं वाटलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता प्रश्न असा होता की हा दोष रंगातच आहे, की रंगाच्या सोबतीनं चालत आला आहे? रंगातच असेल तर त्या रंगाची सगळीच पिढी संशयाची. सोबतीनं आला असेल तर दोन्ही वेगळे काढता येतील. त्यासाठी मी पुण्याहून मूळ रंगाची एक परकी मादी आणली आणि आमच्या नराशी जोड लावली. त्यांची सगळी पिल्लं विटकरी झाली आणि सगळी सरळ चालली. संत्र्याचा रंग गेला, ती मानही गेली. जणू दोन्ही कधी नव्हतीच. पण ती मान पिल्लांच्या आत दडलेली असणार, हे मला ठाऊक होतं. निदान काहींच्या तरी. कोणाच्या, ते बाहेरून दिसत नव्हतं. त्यांना खायला घालताना मी एकेकाचं तोंड पाहायची. सगळी सारखी.

ती वयात यायला तीन वर्षं गेली. मग भावाबहिणींच्या जोड्या लावायच्या होत्या. मामाजी तेवढं एकदाच रागावले.

"म्हणजे तुला कळावं म्हणून अजून तशी जन्माला घालणार?"

"नाही कळलं तर न कळता होत राहतील, मामाजी. लोकांच्या घरी."

ते पोथी घेऊन देवघरात जाऊन बसले. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मी जोड्या लावल्या.

पहिल्या जोडीची सगळी पिल्लं सरळ निघाली. दुसऱ्या जोडीच्या अंड्यांना चिरा पडल्या, तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून डब्यावर आलं होतं. चार पिल्लं संत्र्याच्या रंगाची होती. ती चारही समोर पाहत होती. आणि कडेला, साध्या विटकरी रंगाचं एक पिल्लू मान मागे टाकून वर पाहत होतं. दुपारपर्यंत तसं दुसरं एक झालं, तेही विटकरी.

रंगाचा दोष नव्हता. दोन वेगळी जनुकं एकाच घराण्यात राहत होती, एवढंच. इतक्या वर्षांचं उत्तर हातात आलं होतं आणि मला आनंद होत नव्हता. पहिल्यांदा ते सगळं रंगासोबत होतं, म्हणून ओळखता तरी येत होतं. आता ते कोणत्याही साध्या सापाच्या पोटात असू शकत होतं.

मी त्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं. तो दुसऱ्या दिवशी एसटीनं आला. खोलीत नेऊन मी त्याला ती दोन पिल्लं दाखवली. त्यानं पाहिलं आणि उकिडवा बसला.

"माह्याकडं तीन वर्सं निघत होती अशी," तो म्हणाला. "वांग्याच्या वाफ्यात पुरली म्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मले वाटे, माह्याच घरात काही हाये. बायको त्या खोलीकडं फिरके ना. म्हने, पिल्लं जे पाहून राह्यली ते आपल्याले दिसत नाही. पोरगी एक दिवस तशीच वर पाहत बसली. बायकोनं तिले डोणगावले मामाकडं पाठवलं. दोन वर्सं झाली."

मी त्याला कागदावर अनुवंशाचे दोन चौकोन काढून सगळं समजावलं. मामाजी दारात उभे होते. त्यांनी आपल्या शब्दांत पुन्हा सांगितलं, ते त्याला लवकर कळलं.

"म्हनजे घरात काही नोतं?"

"काही नव्हतं," मामाजी म्हणाले. "सगोत्र झालं, एवढंच."

तो रुमालात तोंड खुपसून बराच वेळ बसून राहिला. चहा थंड झाला. निघताना म्हणाला, पिल्लं ज्यांना ज्यांना दिली त्या सगळ्यांना फोन करतो. त्यानं खरोखर केले. काहींनी विश्वास ठेवला, काहींनी नाही. मीही जोड्या लावणं बंद केलं. मान मागे टाकणारी जी जगली ती माझ्याकडेच आहेत. त्यांना चिमट्यानं, तोंडाशी नेऊन भरवावं लागतं.

दिवाळीच्या आधी त्याच्या बायकोचा फोन आला. मुलगी परत आली होती. बायकोला मात्र ते माझ्याकडून एकदा ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं: जनुक, मेंदू, तोल सांभाळणारा भाग, त्यामुळे मान वळते, पिल्लं काही मुद्दाम पाहत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ते समजलं, मॅडम," ती म्हणाली. "पन सगळी एकाच जागी काऊन पाहत?"

मी म्हटलं, तसा भास होतो. मग तिनं विचारलं, मुलीचं नाव परत गावच्या शाळेत घालायचं तर डोणगावच्या शाळेचा दाखला आणायला कोणकोणते कागद लागतात. मी एकेक सांगत गेले आणि ती पलीकडे लिहून घेत राहिली.