रापी बाळगल्याचा गुन्हा

"अरे, पट्टे तू कर ना. तुमच्या घरचंच काम आहे!"

काका हे तीसेक माणसांसमोर बोलले. वॉटफर्डमधल्या एका शाळेचा हॉल, रविवारची ढोलाची प्रॅक्टिस. ढोल कमरेला बांधायचे चामडी पट्टे तुटले होते. काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. उभं आयुष्य इंग्लंडमध्ये गेलेलं. तरी पहिल्या भेटीत माझं आडनाव विचारून घेतलं होतं, दुसऱ्या भेटीत गाव. हॉलमध्ये पाच-सहा इंजिनिअर होते, एक डेंटिस्ट होता. मीही इंजिनिअरच. पट्टे मात्र मलाच. लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

"नेक्स्ट संडेला घरून सामान घेऊन ये," काका म्हणाले.

सामान होतं. वडील गेल्यावर त्यांची रापी मी इकडे आणली होती. रुंद पात्याची, चामडं कापायची. रविवारी ती फडक्यात गुंडाळून बॅगेत टाकली आणि निघालो. स्टेशनबाहेर पोलीस बॅगा तपासत होते. पाच मिनिटांत हातात बेड्या. सार्वजनिक ठिकाणी धारदार पातं बाळगल्याचा गुन्हा. इथे पातं जवळ ठेवायचं योग्य कारण आपणच सिद्ध करायचं असतं.

कारण होतं. पण हॉलमधल्या ज्यांना ज्यांना माझ्या वकीलबाईंनी फोन केला, त्यांतल्या एकालाही काही आठवेना. उरले काका.

"त्यांना समन्स काढू?" वकीलबाईंनी विचारलं.

छे! वडिलांच्या वयाच्या माणसाच्या दारात कोर्टाचा कागद पाठवायचा? मी नको म्हणालो. काकांनी फोनवर "येतो रे, डोन्ट वरी" म्हटलं होतं, तेवढं मला पुरलं. दोषी ठरलो तर नोकरी जाणार होती, नोकरीबरोबर व्हिसा. आणि मी त्यांची अब्रू सांभाळत बसलो होतो. मूर्ख!

सुनावणीच्या सकाळी काका आलेच नाहीत. कोर्टाच्या व्हरांड्यातून फोन लावला.

"लुक, मी हे काम तुला दिलं असं सांगितलं, तर लोक म्हणतील मंडळात जात बघून कामं देतात."

"काका, पण तुम्ही तसंच दिलंत."

"गिल्टी प्लीड कर. फर्स्ट ऑफेन्स आहे, जेल होणार नाही. तुम्हा लोकांना एवढं कुठे मनाला लागतं?"

फोन बंद.

वकीलबाईंनी पुढची तारीख मागितली. मिळाली नाही. गुन्हा आत्ता कबूल केला तरी शिक्षा थोडी कमी होईल, असं त्यांनी सांगितलं. मी नाही म्हणालो.

सरकारी वकिलाने विचारलं, "तुम्ही सॉफ्टवेअर इंजिनिअर. चामडं कापायला तुम्हालाच कोण कशाला सांगेल?"

प्रश्न बरोबर होता. या देशात सहा वर्षं मी त्याचं उत्तर लपवत जगलो होतो.

"कारण मी चांभार आहे," मी म्हणालो. "आणि सांगणाऱ्याला ते माहीत होतं."

समोर तीन मॅजिस्ट्रेट. मधल्या बाईंनी विचारलं, याचा या पात्याशी काय संबंध? मी सांगितला. सगळा सांगितला. आवाज चढला, चढू दिला. तिघं उठून आत गेले आणि वीस मिनिटांत परत आले. आरोपीने कारण दिलं, पण ते सिद्ध झालं नाही. दोषी. शंभर तास बिनपगारी समाजसेवा. रापी जप्त, ती नष्ट करायची. त्या रापीवर वडिलांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवलं होतं.

बाहेर येऊन फोन पाहिला. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, वरच्या कोर्टात अपील करता येतं. खटला पहिल्यापासून चालतो. पण हरलात तर शिक्षा वाढूही शकते, तुरुंगसुद्धा. घरी जाऊन विचार करा.

मी घरी गेलो नाही. तिथेच सही केली. मग काकांचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता त्यांना लिहून दिला, समन्ससाठी. समन्स धुडकावलं तर अटकेचं वॉरंट निघतं का, तेही विचारलं. निघतं म्हणाल्या.

आता तो माणूस शपथ घेऊन उभा राहील. पट्टे मलाच का सांगितले, हे त्याला भर कोर्टात सांगावं लागेल. त्यानंतर मला तुरुंगात पाठवायचं असेल तर पाठवा.