बॅटरीगाडीचा लाल दिवा

कारखान्यातली नोकरी सुटते, किस्से सुटत नाहीत. आमच्या लॅबमधल्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की कोणीतरी बॅटरीगाडीचा विषय काढतेच आणि सगळ्या हसत सुटतात. मला मात्र अजून संतापच येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेजवळ इच्छापोरला आमचा रंगांचा कारखाना होता. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कंपनीने हौसेने एक छोटी, विजेवर चालणारी मोटार आणली होती. पाहुणे नसतील तेव्हा ती आम्हा बायकांना गेटपासून लॅबपर्यंत सोडायची. मधल्या रस्त्यावर टँकर धावत, म्हणून आम्हाला तिथून पायी जायला मनाई. का, तर सुरक्षेसाठी!

गाडी चालवायचे भिकनआप्पा. मूळचे धुळ्याकडचे, राहायला सुरतेतल्या लिंबायतला. एके सकाळी त्यांच्यासमोरचा ब्रेकचा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. आप्पांनी हँडब्रेक पाहिला, तो पूर्ण खाली होता. मग त्यांनी तक्रार नोंदवली, आणि इथून सगळा तमाशा सुरू झाला.

* * *

मेकॅनिकलवाले म्हणाले, बॅटरीची गाडी म्हणजे इलेक्ट्रिकलचं काम. इलेक्ट्रिकलचे फोरमन पटेलभाई मीटर घेऊन आले. त्यांनी वायर तपासली, बल्ब काढून परत बसवला आणि समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

"बेन, लाइट तो एकदम बराबर छे."

अहो, लाइट बरोबर आहे ते मलाही दिसतंय, पण तो लागलाय कशासाठी? तर म्हणे, ब्रेक हे मेकॅनिकलचं काम. पेटी उचलली आणि चालते झाले!

* * *

शेवटी मेकॅनिकलवाल्यांनी उपकार केल्यासारखं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल कमी झालं होतं. त्यांनी ते भरलं, दिवा विझला. आठवड्याच्या आत पुन्हा लागला. पुन्हा ऑइल भरलं. "ही गाडी जरा जास्त पिते," असं निदान झालं.

ब्रेकचं ऑइल काय पेट्रोल आहे, जळून जायला? ते कुठेतरी गळतंय, एवढं तर कुणालाही कळावं. मागच्या डाव्या चाकाखाली रोज ओला डाग दिसायचा. तो मी सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यावर वाळू टाकलेली होती. झाली दुरुस्ती!

तोवर आप्पांनी आपली पद्धत बसवली होती. वळण दिसलं की बऱ्याच आधीपासून पाय दाबत राहायचे. मी विचारलं, गाडी थांबते ना नीट?

"थांबस ना ताई," ते म्हणाले. "फक्त तिले आधीपासून सांगनं पडस."

* * *

मग आला सुरक्षा सप्ताह. मुंबईहून हेड ऑफिसचे लोक येणार होते. सकाळी गाडीत बसले तर लाल दिवा दिसेना. मला वाटलं, चला, एकदाची झाली नीट. वाकून पाहिलं तर दिव्यावर एक गोल स्टिकर होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सुरक्षा प्रथम'.

ते आमच्या अ‍ॅडमिनच्या दामले साहेबांनी स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. कमरेचा पेजर चाचपत ते म्हणाले, मॅडम, तुम्ही केमिस्ट आहात, गाडीचं टेन्शन गाडीवाल्यांना घेऊ द्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गाडीत रोज आम्ही बसत होतो, साहेब नव्हे!

* * *

व्हायचं तेच झालं. कॅन्टीनच्या उतारावर आप्पांचा ब्रेकवरचा पाय पार तळाला टेकला. त्यांनी हँडब्रेक खेचला, तरी गाडी आम्हाला घेऊन थेट दामले साहेबांच्या गुलाबांच्या वाफ्यात शिरली. नशिबाने कुणाला लागलं नाही. साहेब धावत आले आणि आधी गुलाब मोजले.

दुसऱ्या दिवशी आप्पांना मेमो. निष्काळजीपणे गाडी चालवली, पुन्हा असं झालं तर घरी बसा. घरात मिळवते ते एकटेच. मी साहेबांना म्हटलं, दिवा तेव्हाही लागलेलाच होता.

"कुठला दिवा?" साहेब म्हणाले. "मी गाडी बघितली. मला तर कुठे दिसला नाही."

आप्पा मेमोची घडी घालून पुन्हा गाडीवर बसले. दुसरं काय करणार होते?

* * *

पुढे गाडी नीट झाली. डाव्या चाकातलं एक रबर फाटलं होतं, उघडून बदलायला अर्धा दिवस पुरला. आप्पांचा मेमोही साहेबांनी मुकाट्याने मागे घेतला. पण हे सगळं झालं ते फॅमिली डेनंतर, आणि त्या दिवशी गेटवर काय घडलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आम्ही तिघी मागे बसलो होतो. आप्पांच्या शेजारची जागा रिकामी होती. तेवढ्यात दामले साहेब आपल्या आईला घेऊन आले. म्हातारी नाशिकहून मुद्दाम आलेली. गुडघे दुखत होते, हातात काठी होती. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. आप्पांनी खाली उतरून अदबीने दार उघडलं.

साहेबांनी आईचा दंड धरला. "चल आई, आपण चालत जाऊ."

"अरे, गाडी आहे की समोर."

"नको म्हटलं ना. त्या गाडीत नको."

म्हातारीने काठी टेकली आणि थांबली. तिने आप्पांकडे पाहिलं, मग वाकून आत आम्हा तिघींकडे पाहिलं.

"मग या मुली कशा बसल्यात रे त्यात?"