फक्त पापण्यांचं ऑपरेशन

म्हातारपणी तोंडाची कातडी लोंबते, तिला वर ओढायचं ऑपरेशन निघालं आहे, हे मुलीनं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, हे सिनेमातल्या बायांचं काम. आमच्या आमगावकडं कोणाचं तोंड लोंबलं म्हणून कोणाचं अडलं नाही. हे मी बायकोसमोर बोललो. ती मान मागं टाकून माझ्याकडं पाहत होती. तसं केल्याशिवाय तिला मी दिसत नव्हतो.

तिच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल पडून डोळ्यांवर उतरली होती. मी आधी मोतीबिंदू समजलो आणि आमगावच्या शिबिरात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं बोटानं पापण्या वर धरल्या, तर तिनं समोरच्या पाटीवरच्या सगळ्या खुणा बरोबर सांगितल्या. बोट काढलं की संपलं. डोळे चांगले, वरचा पडदा खाली आलेला. खालचं तिला दिसायचं, वरचं आणि बाजूचं नाही. जमीन दिसे, माणसाचे पाय दिसत, तोंड नाही. हळूहळू ती गावाला पायांवरूनच ओळखायला लागली. कोणाच्या टाचा फुटल्या आहेत, कोणाच्या करंगळीत जोडवं आहे, हे तिला पाठ. दारात कोणी आलं की पाय पाहून म्हणायची, "ये वो, बस." आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

तोंड पाहायचं तर मान मागं टाकावी लागे. त्यावरून बाया टोमणे मारत. म्हातारपणी हिले ऐट आली, म्हणत. एकदा तिनं जखमेची चिकटपट्टी आणून भुवईपासून केसांपर्यंत चिकटवली, कातडी वर ओढून. दुपारपर्यंत घामानं निघाली. मी पोट धरून हसलो. मुलीशी मोबाइलवर तोंड दाखवून बोलायचं असलं की ही दोन्ही अंगठ्यांनी पापण्या उचलून धरायची आणि फोन मला धरायला लावायची. एवढ्यावरून मुलीच्या ध्यानात आलं. ती नागपूरला असते. तिनंच डॉक्टर शोधला, तारीख घेतली, आम्हाला नेलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

डॉक्टर भला माणूस होता. हिंदीत सावकाश समजावलं. त्यानं तिच्या हातात आरसा दिला आणि तिला पाठीवर झोपवलं. बघा, म्हणाला, झोपलं की कातडी कानाकडं जाते, तोंड दहा-पंधरा वर्षांनी मागं जातं. मग कागदावर तोंड काढून रेघा मारल्या. कानाच्या पुढून चिरा घेऊन कानामागं न्यायचा, आतला थर ताणून बांधायचा, उरलेली कातडी कापून टाकायची, हे सगळ्यात मोठं. त्यात गाल आणि जबडा वर जातो. नुसती वरची कातडी ओढली तर टिकत नाही, म्हणाला. मला ते लगेच कळलं. सैल बाज अशीच कसतात, वरून दाबून नाही, पायथ्याची दोरी ओढून. मान लोंबली असेल तर हनुवटीखाली वेगळा चिरा. कपाळ आणि भुवया उचलायच्या तर केसांच्या आतून. कातडीखालून दोरे ओढायचंही एक असतं, ते वर्ष-दीड वर्षात पुन्हा ढिलं होतं. आणि शेवटचं, फक्त पापण्यांचं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माहं गोंदण?"

तिच्या दोन्ही भुवयांच्या वर तीन-तीन टिपके होते आणि कानशिलाजवळ एक वेल. लग्नाच्या आधी, छत्तीसगडकडून दरसाल येणाऱ्या बाईनं गोंदलेलं. तिच्या माहेरी समजूत अशी की मेल्यावर चांदी, सोनं लोक उतरवून घेतात, गोंदण कोणाला उतरवता येत नाही. ते घेऊन बाई पलीकडं जाते आणि त्यावरून तिची आधी गेलेली माणसं तिला ओळखतात. वेल वाकडी झाली तर ओळखणार कसं? डॉक्टर हसला नाही. कपाळ उचललं तर टिपके थोडे वर सरकतील, म्हणाला, मग पाहू. आणि मुलीसोबत तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं, किती दिसतं ते मशीनवर मोजायला.

त्या दोघी गेल्यावर तो मला एकट्याला म्हणाला, बाबाजी, या वयात मी यांचं कपाळ किंवा गाल करणारच नाही, गरज नाही. फक्त पापण्यांचं करू. घडीच्या रेषेत चिरा, जास्तीची कातडी काढायची, पूर्ण बेशुद्धही करावं लागत नाही. आठवड्यात टाके निघतात. दोन आठवडे सूज, चिखल-पाण्यापासून दूर. गोंदणाला हातही लागत नाही.

मी मान हलवली. माझ्या डोक्यात त्या वेळी रोवणी होती, धानाची लावणी. पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, तयार होते, बाया सांगून ठेवल्या होत्या, आणि बांधीच्या चिखलात उतरली की तिच्याइतका हात कोणाचा चालत नव्हता. रोवणीत वाकून खालीच पाहायचं असतं. खालचं तर तिला दिसतच होतं. दुसरंही होतं. गाव म्हणालं असतं, म्हातारीनं तोंड ओढून आणलं. ते मला ऐकायचं नव्हतं.

त्या बाहेर आल्या. डॉक्टर तोवर ऑपरेशनला निघून गेला होता. तो काय म्हणाला ते बायकोनं विचारलं, "का म्हने जी?"

मी म्हटलं, "हालते म्हने गोंदण."

खोटं नव्हतं. कपाळाचं केलं तर हलतंच. पण ते तो करणार नव्हता, हे मी गिळलं. ती म्हणाली, मग नको. मुलगी बसस्टँडपर्यंत भांडत आली, आईशी. तिनं मलाही विचारलं. मी म्हटलं, तुझी माय ऐकत नाही, मी काय करू.

रोवणी झाली. पुढच्या दोन सालच्याही झाल्या.

तिसऱ्या साली दिवाळी झाल्यावर तिची छाती भरली. ती जन्मभर कुशीवर झोपणारी बाई. दवाखान्यातून आणल्यावर उशा लावून पाठीवर ठेवावी लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला पेज पाजत होतो, तर ती माझ्याकडं टक लावून पाहत होती. मान मागं न टाकता. कातडी कानाकडं गेली होती, पापण्या उघड्या होत्या. डॉक्टरनं आरशात दाखवलं तसंच.

ती म्हणाली, "लयच म्हातारे झाले जी तुमी. मले कोनी सांगतलंच नाई."

मी म्हटलं, "पेज घे."

तेव्हा सांगायचं होतं. तिच्यात तेवढं भान होतं, शिव्या द्यायची ताकदही होती. मी चमचा पुढं केला. पाच दिवसांनी ती गेली. बायांनी जोडवी काढली, बांगड्या काढल्या. टिपके जागच्या जागी होते. नातेवाईक म्हणाले, किती शांत दिसते. मला त्यांचा राग आला.

आता मुलगी पन्नाशीची झाली. तिच्या पापण्या आईवर गेल्या. यंदा तिनं त्याच डॉक्टरकडून ऑपरेशन करून घेतलं, आणि टाके निघाल्यावर चार दिवस राहायला आली. डोळ्यांभोवती जांभळं-पिवळं, पण डोळे टपोरे उघडे. अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. खडे निवडता निवडता तिचा हात थांबला.

"बाबा, माह्या भुवईवरचा तीळ जिथल्या तिथं आहे. आईचं गोंदण कसं काय हालत होतं?"

मी म्हटलं, कपाळाचं केलं तर हालतं.

"पन डॉक्टर म्हने, तिचं कपाळ करायचंच नव्हतं. तुमाले सांगतलं होतं म्हने."

मी बिडी काढली, पेटवली नाही. म्हटलं, सांगितलं होतं. रोवणी होती. सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसं, लोकांच्या तोंडाच्या भयासकट. ती रडली नाही. आईसारखीच आहे, राग आला की आवाज खाली जातो.

"काऊन मंग मले भांडू देल्लं तिच्यासंग? बसस्टँडवर मी तिले अडाणी म्हटलं, बाबा. तुमी बाजूले उभे होते."

होतो, मी म्हटलं.

ती सूप घेऊन उठली. दारात थांबली, माझ्याकडं पाठ.

"दोन वर्सं आई पायच पाहत रायली," ती म्हणाली.

"अडीच," मी म्हटलं.