बोर्डापुढचा गुडघा

"ऑस्टिओआर्थरायटिस," बुलढाण्याचे हाडांचे डॉक्टर माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले. म्हणजे सांध्यातली गादी झिजून हाडावर हाड घासणं. "झीज जुनी आहे. फौजेत कधी मार लागला होता का?"

लागला होता. डोंगरातल्या चौकीवर रॉकेलचा डबा पाठीवर घेऊन चढताना बर्फावरून घसरलो होतो. सोबत्यांनी ओढून वर नेलं, चहा पाजला आणि पुढे महिनाभर 'लंगडा घोडा' म्हणून चिडवलं. काय दिवस होते ते! त्या पोरांची आठवण आली की आजही गलबलून येतं.

पण निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, मी यातलं काहीच बोललो नव्हतो. अधिकाऱ्याने "कोई तकलीफ?" विचारलं की सावधान होऊन "फिट है सर!" म्हणायचं, हे अंगात मुरलेलं. त्यांनी गुडघा वरवर तपासून वीस टक्क्यांहून कमी लिहिलं, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही; शिवाय दुखणं नोकरीमुळे नाही असंही. टक्क्यांचं एवढं नाही, पण ते दुसरं वाक्य फार लागलं. गुडघा फौजेत गेला आणि फौजच म्हणत होती, आमचा संबंध नाही.

बुलढाण्याचा रिपोर्ट जोडून मी अपील केलं. नव्या बोर्डाला आमच्या गावाहून, मोताळ्याहून, बायको सोबत आली. बाहेरच्या बाकावर आम्ही दशम्या खाल्ल्या. नाव पुकारलं, आत गेलो, समोर वर्दी दिसली आणि पाठ आपोआप ताठ झाली.

"कोई तकलीफ?"

"फिट है सर!"

"काऊन खोटं बोलता हो?" मागोमाग आत आलेली बायको कडाडली. "घरी तं खाली बसता येत नाही तुमाले!"

डॉक्टर हसले. "हवालदार साहब, आज फिट रहने का ऑर्डर नहीं है." मग मी सगळं सांगितलं. युनिटच्या दवाखान्यातली त्या घसरण्याची जुनी नोंदही त्यांनी पाहिली.

माझ्या फौजी भावांनो, बोर्डापुढे दुखतं ते दुखतं म्हणा. तिथे मर्दुमकी दाखवायची नसते.

काही महिन्यांनी निकाल आला. वीस टक्के, आणि नोकरीमुळेच. मी ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. बायको शेजारी येऊन टेकली.

"तवा फोनवर तं बर्फात लय मजा हाय म्हनत होते तुमी," ती म्हणाली. "अजून काय काय नाही सांगतलं मले?"

मी एकेका चौकीचं नाव घेत गेलो. प्रत्येक नावाला ती एवढंच विचारायची, "तिथं जेवाले भेटे का हो?"