अण्णा जीपला पाणी पाजतात

आज धारूरच्या घाटात माझी जुनी जीप उकळली.

गॅरेजवाल्या मिस्त्रीचाचांनी ती गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. "सर, कूलंट न्हाईच. निस्तं पाणी हाय. कावून?"

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. पाण्यात कूलंट मिसळलं की वाफेचा दाब उतरतो, ते उशिरा उकळतं, हे कालच फळ्यावर लिहिलं होतं!

पाणी ओततात आमचे अण्णा. जन्म गुरं राखण्यात गेला. "पाणी पाजल्याबिगर जनावर वाटेला लावू न्हाई," म्हणत रोज सकाळी गळका रेडिएटर भरतात.

कूलंटचा कॅन घेऊन चिडूनच घरी आलो. अण्णा ओट्यावर वाट बघत होते. "दमली का रं ती?"

"लई दमली. उद्यापासून ह्या कॅनमधलं पाजा. पेंड कालवलेलं पाणी समजा."

अण्णांनी बॉनेटवर हात फिरवला.

तुम्ही निघताना तुमच्या गाडीला कोण पाणी पाजतं?