क्लासमेटमधला मेट

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, क्लासमेट, रूममेट, यातला मेट म्हणजे नेमका कोण?" तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मला सांगता आलं नाही. स्वतःवरच चिडून शब्दकोश उघडला. शब्द जुन्या जर्मन बोलीतून आलेला निघाला: ज्याच्याबरोबर आपण अन्न वाटून खातो तो. मांसाला इंग्रजीत म्हणतात तो 'मीट' त्याचाच भाऊबंद. पूर्वी त्याचा अर्थ कुठलंही अन्न असा होता.

मधल्या सुट्टीत मी हे गणिताच्या सरांना सांगितलं. ते अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. बावीस वर्षं आमचं ठरलेलं: त्यांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी खायची, माझी पोळीभाजी त्यांनी. "मग आपण पक्के मेट की ओ सर," ते म्हणाले आणि डबा माझ्याकडे सरकवला. माझ्या पोळीला मात्र हात लावला नाही. गुरुवारचा उपास म्हणे.

सोमवार ते पहिल्यापासून धरायचे. त्यात गुरुवार आला, मग शनिवार. मी यथेच्छ टिंगल केली. एवढे उपास करून थेट कैलासालाच जायचंय का, असंही एकदा बोलून गेलो. पुढे तर रागच आला. माझ्या घरचं यांना आता चालत नाही, अशी मी समजूत करून घेतली आणि आठ दिवस दुसऱ्या टेबलावर एकटाच जेवलो.

त्यांना घास गिळता येत नव्हता. घरीही उपासच सांगत होते. डॉक्टरकडे गेले तोवर अन्ननलिकेचा कॅन्सर पार पसरला होता. मी रुसून बसलो, एकदाही नीट विचारलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

आता पोटात नळी आहे. वहिनी तिच्यातून पातळ पेज सोडतात. नळी कायमची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी शाळा सुटली की मी डबा घेऊन त्यांच्या घरी जायचो, कारण पहिल्या दिवशी तेच म्हणाले होते, "हितं बसून जेवा की. मला बघू तरी द्या." मी खायचो, ते बघायचे. एखाद्या दिवशी हात पुढे करतील, अशी वेडी आशा मला वाटायची.

परवा मी डबा उघडला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"उद्यापासून डबा नका आणू सर," ते म्हणाले. "वास येतो. लई भूक लागते."